मद्यासक्तीवरील उपचार : रुग्णालयाच्या भिंतींबाहेरचा इतिहास

मद्यपानाच्या प्रश्नाचे उत्तर स्वतंत्र भारताने प्रथम कायद्यात शोधले. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने मद्यबंदीचे उद्दिष्ट राज्यसंस्थेपुढे ठेवले. परंतु दारूवाचून ज्याच्या हातांचा कंप थांबत नाही, त्याने कोठे जावे, हा प्रश्न उरलाच. १९७६ मध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस यांनी मद्यावलंबित्वाच्या लक्षणसमूहाचे वर्णन केले. वाढती सहनक्षमता, दारू थांबताच होणारा त्रास, पुन्हा पिण्याची अनावर ओढ ही त्याची काही लक्षणे होत. ज्याला दुर्गुण म्हटले जाई, त्याला आता निदानाची चौकट मिळाली.

१९८० मध्ये मद्रासमध्ये शांती रंगनाथन यांनी टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशनची स्थापना केली. त्यांच्या पतीचा तरुण वयातच मद्यासक्तीने बळी घेतला होता. संस्थेला नाव त्यांचेच. येथे औषधोपचाराला समुपदेशनाची जोड मिळाली आणि कुटुंबही उपचारात सामील झाले. मात्र शहरात येऊन दीर्घकाळ राहणे शेतमजुराला परवडणारे नव्हते. म्हणून त्या दशकाच्या अखेरीस संस्थेने तमिळनाडूतील मंजक्कुडी गावातच उपचार शिबिर भरवले. रोगी रुग्णालयाकडे येईना, तेव्हा रुग्णालय गावाकडे गेले.

पुढचे पाऊल गोव्यात पडले. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ते प्रशिक्षण घेतलेले सामान्य नागरिक होते. तीन महिन्यांनंतर समुपदेशन लाभलेल्यांपैकी ३६ टक्के, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी २६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते.

या मार्गालाही मर्यादा आहे. तीव्र अवलंबित्वात दारू एकाएकी बंद केल्यास झटके व भ्रम उद्भवून जीव धोक्यात येऊ शकतो. तेथे वैद्यकीय देखरेखीला पर्याय नाही. परंतु ‘एम्स’च्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या २०१९ मधील अहवालानुसार, मद्यावलंबी ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला कोणताही उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांसाठी उपचारशास्त्र अज्ञात नाही. ते केवळ त्यांच्या गावापर्यंत पोहोचलेले नाही.