बालाघाटावरील जुन्या वाटा

गोदाकाठची किंवा कृष्णाकाठची मंडळी आपल्या गावाविषयी बोलू लागली म्हणजे त्यांच्या बोलण्यात घाटाच्या पायऱ्या, नाव आणि नावाडी हटकून येतात. धाराशिवकराच्या बोलण्यात नावाडी येत नाही. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेस मांजरा आहे, पश्चिमेस सीना आहे; पण दोघीही शिवेवरून जाणाऱ्या. जिल्ह्याच्या पोटातून वाहणाऱ्या तेरणा आणि बोरी या डोंगरातल्या लेकी. बालाघाटाच्या पाठीवर पडलेले पावसाचे पाणी एका अंगाने तेरणेतून मांजरेला व पुढे गोदावरीला मिळते, दुसऱ्या अंगाने बोरी-सीनेतून भीमेला व कृष्णेला जाते. हे या नद्यांचे माहेर होय. त्या मोठ्या होतात त्या सासरी गेल्यावर. नाव चालण्याजोगे पाणी त्यांच्या अंगी येते ते आमची शीव ओलांडल्यावर.

त्यामुळे पाण्यावरील प्रवास म्हणून आमच्याकडे जो होता, तो नदी आडवी ओलांडण्यापुरता. उन्हाळ्यात नदीचा उतार पाहून गाड्या वाळूतून पार होत. पावसाळ्यात पूर आला की वाळक्या भोपळ्यांची सांगड कमरेला बांधून पट्टीचा पोहणारा पलीकडे जाई. भीमा-सीनेच्या खोऱ्यात तर गूळ कढविण्याच्या काहिलीत माणसे बसवून ती पलीकडे नेण्याची रीत होती. ज्यात रस उकळावयाचा त्याच भांड्यात नवरदेव बसवून लग्नाला न्यावयाचा, ही कल्पना परगावच्या पाहुण्याला गमतीची वाटते. काहिलीत बसलेल्याला ती तशी वाटत नाही. आज नळदुर्गला बोरी धरणाच्या पाण्यात किंवा माकणीला निम्न तेरणेच्या जलाशयात होडी फिरू शकते. पण ते पाणी माणसाने अडविलेले आहे.

पाण्याची वाट नव्हती, तेव्हा राहिली पायांची, चाकांची आणि टापांची. ती किती जुनी आहे याचा विचार करू लागलो की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. या भूमीविषयीचा अत्यंत प्राचीन असा लेखी उल्लेख कोण्या राजाच्या विजयाचा नाही, की मंदिराच्या दानाचाही नाही. तो गाडीवाटेचा आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तो सांगतो की भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या मजलांवर पैठण आहे, आणि पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. तेथून जाडेभरडे कापड पुष्कळ येते, तलम कापडाचे नाना प्रकार येतात, शिवाय दुसऱ्या किनाऱ्याकडून तेथे गोळा झालेला मालही येतो. आणि हे सारे गाड्यांतून, मोठमोठ्या वाटहीन प्रदेशांतून भडोचला उतरते.

हे तगर कोणते, यावर विद्वानांनी पुष्कळ काथ्याकूट केला. कोणी देवगिरी म्हटले, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचविले, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा कल धारूरकडे होता. अखेर 1901 साली फ्लीट यांनी तेरणाकाठचे आमचे तेर हेच तगर, असे प्रतिपादन केले आणि पुढे जमिनीनेच त्याला साक्ष दिली. दिशेचा आक्षेप तेवढा राहतो, कारण तेर हे पैठणच्या नेमके पूर्वेस नसून आग्नेयेस, किंबहुना दक्षिणेकडे झुकलेले आहे. पण ग्रीक व्यापारी स्वतः तेरला आलेला नव्हता. बंदरावर बसून गाडीवानांकडून ऐकलेले त्याने लिहिले. गाडीवानाला दिशेपेक्षा मुक्काम जास्त ठाऊक असतात. म्हणून आम्ही दिशा बाजूला ठेवून मजलांचा हिशेब करून पाहिला. भडोचपासून पैठण सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर. भागिले वीस दिवस. पैठणपासून तेर सुमारे दीडशे किलोमीटर. भागिले दहा दिवस. दोन्हीकडे उत्तर पंधरा ते साडेसतरा किलोमीटर येते, म्हणजे सरळ रेषेनेच रोजचे पाच कोसांच्या आसपास. वाटेची वळणे धरली तर थोडे अधिक. भरल्या गाडीला जुंपलेला बैल दिवसभरात याच बेताने चालतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी लेखात आमच्या बैलांची चाल अशी जशीच्या तशी सापडते. विद्वानांच्या प्रमाणांपेक्षा आम्हांला हे प्रमाण अधिक जवळचे वाटते.

तेर येथे 1958 साली श्री. चापेकर यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. त्याआधीपासून गावचेच रामलिंगप्पा लामतुरे हे शेतात, पांढरीत, ओढ्याकाठी सापडणाऱ्या वस्तू जमवीत होते. नांगराच्या फाळाला लागलेले खापर टाकून न देता घरी आणणारा माणूस गावात निघावा लागतो. तेरचे भाग्य असे की तो निघाला. त्यांच्या संग्रहातून तेथील वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती अवश्य पाहावी. अशाच घाटाची एक मूर्ती 1938 साली इटलीतील पाँपेई येथे, ज्वालामुखीच्या राखेखाली सापडली. पाँपेई इसवी सन 79 मध्ये गाडले गेले. म्हणजे त्याआधीच या धाटणीची मूर्ती दख्खनच्या गाडीवाटेने आणि मग समुद्राने तिकडे पोचली असली पाहिजे. ती तेरचीच असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. दोघी बहिणी शोभाव्यात, एवढे खरे.

पुढे हे नगर ओसरले. व्यापार दुसऱ्या वाटेने गेला आणि गाड्या यावयाच्या थांबल्या. पण नाव टिकले, आणि तेही दूरदेशी. कोकणात व कोल्हापुरास राज्य करणारे शिलाहार राजे शतकानुशतके स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत राहिले. गाव सोडून गेलेला माणूस आडनावात गाव जपतो, त्यातलाच हा प्रकार. आज तेरला जाणारा वाटसरू जातो तो गोरोबाकाकांच्या समाधीसाठी. व्यापाऱ्यांची पेठ गेली आणि त्याच मातीची मडकी करणाऱ्या संताचे गाव उरले.

तेरहून धाराशिवकडे येणारी वाटही पुराणी आहे. शहरापासून सात-आठ किलोमीटरांवर बालाघाटाच्या दरडीत जी लेणी आहेत ती मूळची बौद्ध असावीत व नंतर जैनांकडे आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात, जे डॉ. हिरालाल जैन यांनी 1934 साली संपादून प्रसिद्ध केले, राजा करकंड आपल्या सैन्यासह तेरापूरनजीक तळ देतो, जवळच्या डोंगरातील लेणे पाहावयास जातो, आणि तेथे वारुळाची पूजा करणारा हत्ती पाहून ते खणवितो. त्यातून पार्श्वनाथांची मूर्ती निघते. कथा ती कथा. पण कवीला तेर आणि लेणी यांमधले अंतर ठाऊक होते. सैन्य कोठे उतरते आणि लेणे पाहावयास किती दूर जावे लागते, हे वाट चाललेल्या माणसाकडूनच कळते. आम्ही फाल्गुनात लेण्यांच्या वाटेने गेलो तेव्हा पळस फुललेला होता, आणि लेण्याच्या ओसरीत शिरताच एकदम जो गारवा लागला, त्याने भिक्षूंनी ही जागा का निवडली असावी याचा उलगडा झाला.

घोड्यांच्या वाटा निराळ्या. त्या किल्ल्यांना जोडतात. 1600 साली नगरचा पाडाव झाल्यावर निजामशाहीने काही काळ परंड्याला राजधानी केली, आणि तेव्हापासून हा भुईकोट अहमदनगर, विजापूर व मोगल या तिघांच्या स्वारांच्या टापांखाली आला. भीमथडीची तट्टे अंगाने लहान, पण दुष्काळी मुलखात ज्वारीच्या कडब्यावर निभावणारी. मराठ्यांच्या फौजांची भिस्त त्यांच्यावर होती. तथापि परंड्याच्या वाटेवरून गेलेली सर्वांत अवघड वस्तू म्हणजे घोडदळ नव्हे. 1549 साली नगरला ओतलेली मलिक-इ-मैदान ही सुमारे 55 टनांची तोफ परंड्याच्या किल्ल्यात होती. ती मुरार जगदेवाने 1632 साली विजापुरास नेली. बैल किती जुंपले, हत्ती किती लागले याच्या आकड्यांत आम्ही शिरत नाही. प्रत्येक सांगणारा ते वाढवीत जातो. विचार करावा तो वाटेचा. दीडशे किलोमीटरांहून लांब पल्ला, काळी चिकण जमीन, मध्ये सीना आणि भीमा. पहिला पाऊस पडण्यापूर्वी, नद्यांचे पात्र कोरडे असतानाच हे काम उरकावे लागले असणार. काळ्या मातीत एकदा चाक रुतले तर तोफ तेथेच राहिली असती.

नळदुर्गाची गोष्ट याहून वेगळी, कारण तेथे वाट आणि पाणी एकमेकांना भेटतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, बोरी नदीला बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात पाणी महालाच्या माथ्यावरून नर-मादी धबधब्यांच्या रूपाने खाली पडते आणि आतील माणूस कोरडा राहतो. 1853 साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हा येथे आलेला अधिकारी मेडोज टेलर. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहून वाटमाऱ्यांच्या जगाची ओळख त्याने आधीच करून दिली होती. आता त्याच वाटांची आणि जमिनींची व्यवस्था त्याच्याकडे आली. 1857 साली त्याची बदली वऱ्हाडात झाली.

सोलापूर-हैदराबाद हा रस्ता याच किल्ल्यापाशी बोरी ओलांडतो. 13 सप्टेंबर 1948 रोजी मेजर जनरल चौधरी यांच्या हाताखालील भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली, तेव्हा पहिला प्रश्न बोरीवरच्या पुलाचा होता. निजामाच्या सैन्याने तो उडविला असता तर रणगाडे अलीकडेच अडकले असते. झटपट हालचालीमुळे पूल शाबूत हाती लागला. त्याच सकाळी तुळजापुरातही चकमक झाली. पाचव्या दिवशी, 17 सप्टेंबरला, निजामाने शरणागती दिली. संस्थानाचे भवितव्य ठरले त्याला कारणे पुष्कळ होती. परंतु पहिल्या सकाळचे काम एका लहान नदीच्या ओलांडीने केले. नद्यांचे माहेर म्हणून आम्ही वर बोरीचे जे कौतुक केले, त्यात ही गोष्टही धरावी.

आगगाडीने मात्र धाराशिव शहराला फार काळ बगल दिली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली बार्शीपर्यंत आली आणि 1911 पर्यंत रामलिंगाच्या घाटातून येडशी चढून, ढोकीवरून लातुरास पोचली. अडीच फुटांचा हा रूळ. एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये असा त्याचा हिशेब, म्हणून डबे हलके. जिल्ह्याच्या शहरातील माणसाला गाडी धरावयाची तर वीसेक किलोमीटर येडशी गाठावी लागे. रुंद मार्ग शहरातून जाऊ लागला तो 2007-08 साली. येडशीचा रामलिंग आजही पायी जाण्याची जागा आहे: दरी, पावसाळ्यातला धबधबा, माकडे, आणि 1997 पासून अभयारण्य म्हणून राखलेले रान.

या मोठ्या वाटांच्या आधाराने जगणारी लहान वाटांची जाळी होती. पाणंद, गाडीवाट, शिवेची वाट, पाणवठ्याची वाट. ‘चाकोरी’ हा शब्द आपण हल्ली कंटाळवाण्या आयुष्याला लावतो; मुळात तो गाडीच्या चाकांनी पडलेल्या दोन रेघांचा आहे, आणि अंधाऱ्या रात्री बैल त्या रेघांवरून धनी झोपलेला असतानाही घर गाठत. आज बैलगाड्या उणावल्या, बांध सरकले, पाणंदी दोन्हीकडून नांगराखाली आल्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपाने सास्तूर परिसरातील गावेच्या गावे उठली आणि नव्या जागी वसली. जुन्या गावठाणाकडे जाणाऱ्या वाटा मात्र जागच्या जागी राहिल्या. एका वाटेने आम्ही चालत गेलो. ती बाभळींमधून नीट एका वेशीच्या जागेपाशी जाते आणि संपते. पलीकडे जोत्यांचे दगड आहेत. वाट कोणासाठी आहे हे वाटेला अजून कळलेले नाही, असे क्षणभर वाटून गेले.

व्यापार वाट बदलतो, फौज वाट विसरते. नवस मात्र वाट सोडत नाही. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरची पंचेचाळीस किलोमीटर वाट रात्रभर माणसांनी भरलेली असते. चैत्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीला जाणारे शेतांतून चुन्याचे खडे वेचीत चालतात. तुळजाभवानी सीमोल्लंघनानंतर ज्या पलंगावर निद्रा घेते तो पुणे जिल्ह्यातील घोडेगावला तयार होतो आणि जुन्नर, नगरच्या मार्गाने माणसांच्या खांद्यांवरून तुळजापूरला येतो. पालखी येते ती नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. रस्ता डांबरी झाला, मोटार आली. पलंग अजून चालतच येतो.

आणि अणदूरचा खंडोबा. मूर्ती एक, ठिकाणे दोन. वर्षातील सव्वादहा महिने देव अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गाजवळ मैलारपूरला. मधली वाट चार-पाच किलोमीटरांची. प्रत्येक वेळी देव नेण्यापूर्वी दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो: कधी न्यावयाचा, कधी परत आणावयाचा. करार झाला की वाजतगाजत मिरवणूक निघते, आणि भंडाऱ्याने पिवळी झालेली ती वाट वर्षातून दोनदा चालली जाते. एकदा जाताना, एकदा येताना.