वाड्याच्या भिंतीतली ओल

आषाढ लागला की जुन्या घरात कुबट वास सुटतो तो बहुधा भिंतीतल्या कपाटातून. ठेवणीतले लुगडे काढावे तर घडीवर काळे ठिपके, पोथी उघडावी तर पानांवर बुरशी. आपण म्हणतो, घर जुने झाले, चालायचेच. मला ते पटत नाही. पुण्याच्या पेठांतल्या कित्येक वाड्यांनी शंभरावर पावसाळे सोसले. त्यांना ओल ठाऊक नव्हती काय? ठाऊक होती, आणि तिची जाण्याची वाटही बांधणाराने ठेवलेली होती.

वाडा बांधताना आधी घडीव दगडाचे जोते घेत. त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधल्या जागेत विटा नि माती. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला. त्याच्या तटातही खाली दगड, वर वीट हाच क्रम आजही पाहायला मिळतो. समईची वात तेल वर ओढते ना, तशी वीट आणि माती जमिनीतले पाणी ओढतात. घट्ट काळा दगड ते फारसे ओढत नाही, म्हणून जोते उंच. तरीही जी ओल वर चढे तिच्यासाठी चुन्याचा गिलावा होता. घाणीत मळलेला चुना वाळला तरी त्यात बारीक छिद्रे राहतात. पावसाळ्यात भिंत भिजे आणि पुढे त्या छिद्रांवाटे वाळे. मधला उघडा चौक वारा खेळता ठेवी. गिलाव्याचे पोपडे पडत, त्यावर पुन्हा हात फिरवावा लागे. झिजायचे ते गिलाव्याने, भिंतीने नव्हे, असा तो रोकडा व्यवहार.

ही वाट बुजली कशी? १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधली गेली. गरिबाच्या डोक्यावर छप्पर राहिले, हे लहान काम नव्हे. पण पुढे त्या भाड्यात गिलावा सोडाच, कौले परतण्याचीही मजुरी निघेना. कुठे चौकावर पत्रे आले, कुठे खांबाला खेटून मोऱ्या झाल्या. त्यातच १२ जुलै १९६१ चा दिवस उजाडला. काम चालू असलेले पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. मातीच्या भिंती भिजून घरेच्या घरे बसली. ते पाहिलेल्या माणसाचा मातीवरचा विश्वास उडाला असेल तर त्याला बोल कसा लावावा? सिमेंट टणक, म्हणून सिमेंट भले, असे वाटणे साहजिकच.

पण जुन्या भिंतीवर सिमेंट म्हणजे भिजलेल्या माणसाला रबरी कोट. आतली वाफ बाहेर पडत नाही. कोंडलेले पाणी वाट शोधत वर चढते आणि लाकडाला गाठते. आमच्या घरी हेच झाले. १९९० च्या सुमारास वडिलांनी खालच्या खणाला सिमेंटचा गिलावा करविला. काही वर्षे भिंत मोठी देखणी दिसली. मग गुडघ्याशी असणारी ओल छातीपर्यंत आली, भिंतीला लोणा फुटला, आजोबांच्या मोडी हिशेबवह्या बुरशीने चिकटल्या. खांबाचा तळ खुरप्याने टोकरला तर हातात भुसा आला.

आपल्या गावातले मातीचे घर किंवा शाळेची जुनी खोली असेल तर रंगाचा डबा आणण्याआधी पाणी येते कोठून ते पाहा. पन्हाळ फुटली आहे का? मोरीचे पाणी पायात मुरते का? अंगणात भर घालता घालता जोतेच पुरले गेले का? हे बहुतेकदा निघतेच. ते आधी सुधारा, मग सिमेंट काढून भिंतीला उन्हाळाभर उघडी वाळू द्या आणि मगच चुना. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, ती हवेत उडून छातीत जाते. नाकाला फडके बांधून ओल्या कापडाने टिपा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. वह्या-पोथ्या कडक उन्हात न टाकता सावलीत, वाऱ्यावर पसराव्या.

आम्ही भिंत सोलली त्याला दोन पावसाळे झाले. ओलीची रेघ पुन्हा गुडघ्याशी उतरली आहे. वह्यांची काही पाने मात्र सुटली नाहीत. त्यांत काय होते ते आता कोणी वाचू शकणार नाही.