ऑफिसच्या इंटरकॉमवर बाहेरची लाइन कशी सेट करायची? ‘झिरो दाब’ मागचं गणित

मोबाइलवर नंबर टाकला, हिरवं बटण दाबलं की कॉल लागतो. पण धंतोलीतल्या एखाद्या क्लिनिकमध्ये किंवा सीताबर्डीच्या एखाद्या छोट्या ऑफिसात नवीन नोकरीला लागलात, टेबलावरचा फोन उचलून नंबर दाबला, आणि कॉल काही लागेना. मग शेजारचे काका सांगतात, “अरे बाबा, पहिले झिरो दाब ना!”

हा झिरो कशासाठी आणि तो चुकीचा सेट झाला तर काय होतं, ते आज पाहूया. कारण ऐनवेळी अँब्युलन्स बोलवायची असेल तर हीच छोटी सेटिंग महागात पडू शकते.

ईपीएबीएक्स म्हणजे काय?

भिंतीवरच्या त्या डब्याला ईपीएबीएक्स म्हणतात. हे ऑफिसचं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज. टेबलावरचा प्रत्येक फोन म्हणजे एक एक्स्टेन्शन, आणि टेलिफोन कंपनीकडून येणारी लाइन म्हणजे ट्रंक किंवा सीओ लाइन. ‘३०८’ सिस्टीम म्हणजे ३ बाहेरच्या लाइन आणि ८ एक्स्टेन्शन. आठ जणांना एकाच वेळी बाहेर बोलायचं नसतं, म्हणून तीन लाइनमध्ये काम भागतं.

तुम्ही नंबर दाबता तेव्हा डब्याला आधी ठरवावं लागतं की कॉल आतला आहे की बाहेरचा. ‘बाहेरचा’ हे सांगायचा कोड म्हणजे तो झिरो. काही ठिकाणी तो ९ असतो.

स्टेप १ : लाइन योग्य पोर्टला जोडा

तांब्याची जुनी लाइन थेट सीओ पोर्टला जाते. फायबर कनेक्शन असेल तर त्याच्या मॉडेमवर फोनचं एक पोर्ट असतं, तिथून वायर काढून सीओ पोर्टला द्या. एक्स्टेन्शनच्या पोर्टला चुकूनही देऊ नका, कारण दोन्ही बाजू करंट सोडणाऱ्या असतात.

अजून एक फरक लक्षात ठेवा. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळते. फायबरचा मॉडेम मात्र लाइट गेली की बंद. म्हणून मॉडेम आणि ईपीएबीएक्स दोन्ही यूपीएसवर ठेवा.

इंटरनेटवरून चालणारी एसआयपी ट्रंक घ्यायची असेल, तर ती लायसन्स असलेल्या टेलिकॉम कंपनीकडूनच घ्या.

स्टेप २ : ट्रंक ग्रुप आणि झिरो

सगळ्या बाहेरच्या लाइन एका ग्रुपमध्ये टाका आणि त्या ग्रुपला ० हा कोड द्या. मग झिरो दाबल्यावर जी लाइन मोकळी असेल ती मिळते. न वापरलेले सीओ पोर्ट प्रोग्रामिंगमध्ये बंद करा, नाहीतर कधीतरी झिरो दाबल्यावर नुसती शांतता ऐकू येते.

स्टेप ३ : मोबाइलसाठी दोन झिरो

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना नंबराआधी ० लावावा लागतो. त्यामुळे ईपीएबीएक्सवरून असं डायल होतं :

- नागपुरातली लँडलाइन : ० + ७ आकडी नंबर
- मोबाइल : ० + ० + १० आकडी नंबर
- पुण्याची लँडलाइन : ० + ०२० + ८ आकडी नंबर

पहिला झिरो डबा स्वतःकडे ठेवतो, दुसरा पुढे एक्स्चेंजला जातो. तुमच्या मॉडेलमध्ये आकडे आपोआप जोडायची सोय असेल, तर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणाऱ्या पूर्ण १० आकडी नंबरलाच झिरो लावायचा नियम करा. आकड्यांची संख्या तपासली नाही तर लोकल नंबरलाही झिरो चिकटेल.

स्टेप ४ : फोन ठेवल्यावर लाइन सुटते का?

समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन ‘बिझी’ दाखवते, ही नेहमीची तक्रार. भारतात बिझी टोन ४०० हर्ट्झचा, ०.७५ सेकंद चालू आणि ०.७५ सेकंद बंद असा असतो. डब्यात दुसऱ्या देशाची सेटिंग राहिली तर त्याला हा टोन ओळखू येत नाही. देश ‘इंडिया’ निवडा.

स्टेप ५ : एसटीडी-आयएसडी लॉक

वेटिंग रूममधल्या फोनला आयएसडी कशाला? प्रत्येक एक्स्टेन्शनला गरजेपुरतीच परवानगी द्या. सिस्टीमसोबत आलेला डिफॉल्ट पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. बाहेरून फोन करून ऑफिसची लाइन वापरायची सोय लागत नसेल तर बंद करा, नाहीतर रात्रीतून कोणीतरी परदेशी कॉल करून बिल तुमच्या नावावर टाकतो.

सगळ्यात महत्त्वाचं : ११२

अमेरिकेत २०१३ मध्ये टेक्सासमधल्या एका हॉटेलच्या खोलीत आईवर हल्ला झाला. ९ वर्षांच्या मुलीने ९११ पुन्हा पुन्हा फिरवला, पण कॉल लागला नाही. बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागतो, हे तिला माहीत नव्हतं. आई वाचली नाही. त्यावरून २०१८ मध्ये ‘कारीज लॉ’ झाला : नव्या सिस्टीममध्ये ९११ कुठलाही कोड न लावता लागलाच पाहिजे.

आपल्याकडे याहून वेगळी गंमत होऊ शकते, आणि ती अजिबात हसण्यासारखी नाही. एक्स्टेन्शनला १०१, १०२ असे नंबर द्यायची सवय असते. मग कोणी घाबरून १०८ दाबला तर अँब्युलन्सऐवजी स्टोअररूममधला फोन वाजतो!

म्हणून :

- एक्स्टेन्शन २०१ पासून सुरू करा.
- ११२, १०८, १०१ आणि १०० हे नंबर झिरो लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे थेट बाहेर जातील असा नियम टाका.
- एसटीडी-आयएसडी लॉक या नंबरांना लागू नको.
- ही सोय मॉडेलमध्ये नसेल तर प्रत्येक फोनवर ‘इमर्जन्सी : ०-११२’ असं स्टिकर लावा. खाली ऑफिसचा पत्ता आणि मजलाही लिहा, घाबरलेल्या माणसाला तो आठवेलच असं नाही.

हे नंबर तपासायला उगाच कॉल लावून कट करू नका. आधी प्रोग्रामिंगची यादी नीट वाचा. तरीही कॉल लागलाच तर फोन न ठेवता ‘इमर्जन्सी नाही, चुकून लागला’ असं स्पष्ट सांगा.

उद्या ऑफिसात गेलात की एवढं एक काम करा : तुमच्या टेबलावरच्या फोनवरून ११२ कसा लागतो, हे ईपीएबीएक्स सांभाळणाऱ्याला विचारा. त्याला लगेच सांगता आलं नाही, तर सेटिंग अजून अर्धवट आहे असं समजा.