तरुणांची शिबिरे आणि आमचे कर्तव्य

महोत्सवाची स्मरणिका म्हटली म्हणजे तीत मंदिराची कोनशिला कोणी बसविली, घंटा केव्हा आली, कोणकोणते धर्मगुरू येऊन गेले व कोणाच्या कारकीर्दीत कोणती इमारत उभी राहिली, यांची नोंद असावयाचीच. ती असणे योग्यही होय. कारण ज्यांनी आपल्यासाठी घाम गाळला त्यांचे विस्मरण म्हणजे कृतघ्नपणा ठरेल. तथापि धर्मग्रामाचा इतिहास केवळ दगडविटांचा नसतो. रविवारच्या मिस्सेनंतर खांद्यास पिशवी अडकवून काटोलच्या स्टेशनावर नागपूरच्या गाडीची वाट पाहणारा, आणि पाच दिवसांनी काहीसा निराळा होऊन परत येणारा तरुण, हाही त्या इतिहासाचाच एक भाग आहे. त्याची नोंद मात्र कोणत्याही वहीत सापडावयाची नाही. म्हणून प्रस्तुत लेखात तरुणांच्या नेतृत्वशिबिरांचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगून, अशा एका शिबिरास जाऊन आलेल्या आमच्या एका तरुणाची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. त्या हकीकतीत एक चूक आमच्याही पदरी येते. ती झाकून ठेवण्याचा आमचा इरादा नाही.

शिबिर हा शब्द मूळचा सैन्याच्या छावणीचा. युद्धास निघालेल्या सैन्याने वाटेत जेथे तंबू ठोकावे, विसावा घ्यावा व पुढील मजलेची तयारी करावी, ते शिबिर. त्यात दोन गोष्टी अध्याहृत आहेत: शिबिर हे कायमचे वास्तव्य नव्हे, आणि शिबिरानंतर कूच करावयाचे असते. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींकडून पुष्कळदा असा प्रश्न येतो की, चार दिवस गाणी म्हणून व भाषणे ऐकून पोरे शिकतात तरी काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासास विचारावे हे बरे.

तरुणांस धर्मकार्यात पुढे करणे हे काही नव्या काळाचे खूळ नव्हे. आमच्या नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ साली झाली व १९५३ साली त्यास महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. या प्रदेशात ज्यांनी सुवार्तेची पेरणी केली ते मिशनरी संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे नाव धारण करणाऱ्या संघाचे. नागपूरचे कॅथीड्रलही त्याच संताच्या नावाचे आहे. हा संत १५९४ साली शाब्ले प्रांतात धर्मकार्यास निघाला तेव्हा त्याचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते, व गुरुदीक्षा होऊन पुरते एक वर्षही झाले नव्हते. लोक प्रवचनास येत ना, म्हणून त्याने पत्रके लिहून ती घरोघर दारांच्या फटींतून सारण्यास आरंभ केला. वडिलांचा विरोध, कडाक्याची थंडी व जिवाचे भय ही सारी सोसून तो तेथे राहिला. ज्याच्या नावाखाली आपण येथे एकत्र आलो तो स्वतःच एक तरुण होता, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

परंतु आज ज्यास आपण नेतृत्वशिबिर म्हणतो त्याच्या पद्धतीचा उगम शोधू गेल्यास आपणास बेल्जम देशात जावे लागते. तेथे १८८२ साली ब्रुसेल्सनजीक योसेफ कार्डाइन यांचा जन्म एका श्रमजीवी कुटुंबात झाला. धर्मगुरू होण्याच्या इच्छेने ते विद्यालयात गेले. त्यांचे बालमित्र मात्र कारखान्यांत कामास लागले. सुटीत घरी आल्यावर कार्डाइन यांस असे आढळले की, कालपर्यंत आपल्याबरोबर प्रार्थना करणारे हेच मित्र आता आपणास पाहून तोंड फिरवितात. हा शिकून मालकांच्या पंगतीत जाऊन बसणार, असे त्यांस वाटे. कारखान्याच्या दाराशी ख्रिस्तसभा त्यांच्याबरोबर गेलीच नव्हती. हे शल्य त्या मुलाच्या अंतःकरणात खोल रुतले. १९०३ साली पिता मरणशय्येवर असता कार्डाइन यांनी आपले आयुष्य श्रमिकांस वाहण्याची प्रतिज्ञा केली व १९०६ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

१९१२ साली लाकेन येथील धर्मग्रामात त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांनी कामकरी मुलींची व पुढे मुलांची लहान लहान अभ्यासमंडळे काढली. त्या मंडळांत ते प्रवचन झोडीत नसत, तर प्रश्न विचारीत. तू कामास किती वाजता जातेस? वेतन काय मिळते? शेजारी बसून काम करणारी मुलगी आजारी पडली तर तिचे काय होते? मुलांनी स्वतः चौकशी करून उत्तरे आणावयाची. मग जे आढळले ते शुभवर्तमानाच्या प्रकाशात तपासावयाचे. आणि शेवटी, कितीही लहान का होईना, एक कृती ठरवावयाची. पाहा, पारखा, कृती करा, ही जी त्रिपदी पुढे जगभर पसरली तिचे मूळ या मंडळांत आहे. फेर्नां टोने, पोल गार्से व जाक मेर्ट हे तीन तरुण कार्डाइन यांचे पहिले सहकारी झाले. १९२५ साली पोप अकरावे पायस यांनी कार्डाइन यांची भेट घेऊन कार्यास आशीर्वाद दिला व तरुण ख्रिस्ती कामगारांची ही चळवळ उघडपणे उभी राहिली.

या शिक्षणाचा कस पुढे महायुद्धात लागला. १९४२ साली जर्मन सत्तेने कार्डाइन यांस काही काळ तुरुंगात डांबिले. टोने व गार्से यांस तर डाखाव येथील छळछावणीत पाठविण्यात आले व १९४५ च्या आरंभी दोघांचाही तेथे अंत झाला. शिबिर व छावणी हे शब्द एकमेकांच्या किती जवळचे. परंतु एका छावणीत मनुष्य घडविला जातो व दुसरीत चिरडला जातो. आणि पहिलीत घडलेला मनुष्य दुसरीतही ताठ उभा राहू शकतो, याची साक्ष या दोघांनी आपल्या प्राणांनी दिली.

एका सामान्य धर्मग्रामात निघालेली ही रीत हळूहळू अखिल ख्रिस्तसभेची झाली. १९५७ साली निरनिराळ्या देशांतील सुमारे तीस हजार तरुण कामगार रोम येथे जमले. १९६१ साली पोप तेविसावे योहान यांनी आपल्या सामाजिक विश्वपत्रात या तीन पायऱ्यांचा स्पष्ट पुरस्कार केला. १९६५ साली वृद्ध कार्डाइन यांस कार्डिनलपद मिळाले; आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो आदेश काढला त्यात, तरुणांमधील पहिले प्रेषित तरुणच असावेत, असे तत्त्व मांडिले. १९६७ च्या जुलैमध्ये कार्डाइन प्रभुघरी गेले.

योगायोग असा की, त्याच १९६७ च्या सुमारास आमच्या विदर्भातही तरुणांच्या शिबिराची एक थोर परंपरा सुरू झाली. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी महारोगातून बऱ्या झालेल्या बांधवांची शेतीवसाहत वसविली व तेथे श्रमसंस्कार छावणी भरविण्यास आरंभ केला. मे महिन्याचा मध्य म्हणजे आमच्याकडे अंगाची लाही करणारे ऊन. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतील मुलेमुली तेथे जमत आली आहेत. सकाळी हाती कुदळ व घमेले, त्यानंतर विचारांची देवाणघेवाण. जात व धर्म कोणी विचारीत नाही. ज्या हातांस जग अस्पृश्य मानीत होते त्यांनी पिकविलेले अन्न तरुणांनी एका पंगतीस बसून खावे, यातच अर्धे शिक्षण येऊन जाते. सोमनाथची ही रीत व कार्डाइन यांची पद्धत यांचा परस्परांशी काही संबंध आम्ही जोडू इच्छीत नाही. परंतु दोहोंनी एकच गोष्ट ओळखली होती. ती ही की, नेतृत्व व्यासपीठावर शिकविता येत नाही. प्रभूनेही आपल्या शिष्यांस पुढारीपणाचा शेवटचा धडा दिला तो हाती पाण्याचे भांडे व कमरेस रुमाल घेऊनच.

पुढील इतिहास बहुतेकांच्या स्मरणातला आहे. १९८४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तरुणांच्या हाती साधा लाकडी क्रूस दिला. १९८६ पासून जागतिक युवादिन सुरू झाला. १९९५ च्या जानेवारीत मनिला येथे समारोपाच्या मिस्सेस चाळीस ते पन्नास लक्ष माणसे होती असा अंदाज सांगतात. २०१८ साली तरुणांविषयी धर्मसभा भरली व २०१९ च्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस यांनी तरुणांस उद्देशून लिहिलेल्या पत्रात, तरुण हे ख्रिस्तसभेचे केवळ उद्याचे नव्हेत तर आजचेही धन आहे, असे प्रतिपादन केले. एवढा मोठा प्रवाह. त्याचा एक ओघळ आमच्या काटोलपर्यंत कसा आला ते आता सांगतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आमच्या धर्मग्रामातील एका तरुणास आम्ही नागपूर येथील नेतृत्वशिबिरास पाठविले. त्याचे नाव येथे देत नाही. महाविद्यालयात शिकणारा, मितभाषी, वेदीसेवेत नियमित, असा तो होता. शिबिरात भाषण करावयास शिकवितील व शेवटी प्रमाणपत्र मिळेल, एवढीच त्याची अपेक्षा. परंतु पहिल्याच दिवशी त्याच्या गटास भांडी घासण्याची पाळी आली. दुसऱ्या दिवशी प्रत्येकास कागद देऊन सांगण्यात आले की, आपल्या घराच्या आसपास हातांनी कष्ट करणाऱ्या दहा माणसांची नावे लिहा, आणि ती कामास केव्हा जातात, केव्हा परततात व त्यांची मुले दिवसभर कोठे असतात तेही लिहा.

परत आल्यावर त्याने आम्हांस जे सांगितले ते आजही आमच्या कानी आहे. तो म्हणाला, “फादर, तीन नावांपुढे मला जाता येईना. तिसरे नाव माझ्या आईचे होते. ती हंगामात संत्री निवडायला जाते. पण किती वाजता निघते, ते मला लिहिता आले नाही. मी तेव्हा झोपलेला असतो.”

काटोलकरांस आंबिया बहाराचे दिवस काय असतात हे सांगावयास नको. दिवाळीच्या मागेपुढे तोडा सुरू होतो. बागांतून कॅरेट भरून गाड्या निघतात. आणि फळांच्या ढिगाभोवती बसून बायका लहानमोठी फळे वेगळी करितात. आपल्या या गावाचे नाव दूरदूर पोचविणाऱ्या फळास पहिला हात त्यांचा लागतो. आमचा तरुण शिबिराहून आल्यावर पहाटे आईबरोबर जाऊ लागला. तेथे त्यास दिसले की, कित्येक लहान मुले आयांच्या बरोबर येऊन दिवसभर ढिगाच्या आडोशास बसतात व हंगामभर शाळेस मुकतात. त्याने ते पाहिले, मनाशी पारखले, आणि कृती काय करावी हेही ठरवून तो आमच्याकडे आला. सायंकाळी दोन तास धर्मग्रामाचा हॉल मिळावा, त्या मुलांस आपण शिकवू, मुले कोणत्याही धर्माची असोत, एवढेच त्याचे मागणे होते.

आम्ही काय केले? आम्ही त्याची पाठ थोपटली व म्हणालो, “नाताळची तयारी चालू आहे, नाताळानंतर पाहू.” नाताळानंतर तो पुन्हा आला. तेव्हा आम्ही त्यास सांगितले की, खुर्च्या नव्या आहेत, विजेचा खर्च आहे, मंडळींस विचारावयास हवे. मंडळींसही तेच सोयीचे वाटले. तिसऱ्या खेपेस तो आलाच नाही. बहार संपला, मुले पांगली. उन्हाळ्यात त्याने शिक्षण सोडून बुटीबोरी येथे कारखान्यात नोकरी धरली, हे आम्हांस त्याच्या आईकडून कळले. हॉलची किल्ली या सर्व काळात आमच्या टेबलाच्या खणात होती.

गुरुविद्यालयात असता शमुवेलाच्या पाचारणाची कथा आम्ही अनेकदा अभ्यासिली होती. रात्री त्या बालकास हाक ऐकू येते, तो धावत वृद्ध एलीकडे जातो, आणि एली त्यास जाऊन निजावयास सांगतो. आजवर या कथेत आमचे लक्ष नेहमी बालकाकडे असे. या प्रसंगानंतर ते एलीकडे गेले. एलीनेही दोनदा मुलास परत पाठविले. परंतु तिसऱ्या वेळी हाक कोणाची आहे हे त्या वृद्धाने ओळखले. आम्हांस ते ओळखता आले तेव्हा मुलगा निघून गेलेला होता. जो कार्डाइन यांच्या बालमित्रांनी अनुभविला तोच दुरावा आमच्या अंगणात, आमच्याच हातून घडला. अंतर एवढेच की, कारखान्यात जाण्यापूर्वी हा तरुण दोनदा आमच्या दारी आला होता.

पुढील वर्षी त्याच शिबिरास दोन मुली जाऊन आल्या. त्यांनी मागण्यापूर्वीच आम्ही किल्ली त्यांच्या हाती दिली. पहिल्या सायंकाळी अकरा मुले आली. कधी पाच येतात, कधी पंधरा. एका खुर्चीचा पाय मोडला आहे, आणि भिंतीवर खडूच्या रेघा आहेत. तो तरुण सुटीस घरी आला असता आम्ही त्यास तेथे नेले व आमची चूक कबूल केली. तो वर्गात थोडा वेळ उभा राहिला. येत जाशील का, असे विचारता म्हणाला, “फादर, आता पाळीच तशी असते, वेळ मिळत नाही.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर आम्हांस अधिक बरे वाटले असते.

शिबिरात जाऊन पोरे काय शिकतात, या प्रश्नास आमचे उत्तर आता असे आहे: पोरे पुष्कळ शिकतात. न शिकलेले राहतात ते त्यांस पाठविणारे. ती पाहून व पारखून परत येतात, आणि कृतीच्या पायरीवर आम्ही वडील माणसे उभी असतो. महोत्सवाच्या या वर्षी इमारतीस रंग देण्याचे ठरले आहे. तो अवश्य द्यावा. परंतु आमची आपणां सर्वांस नम्र विनंती आहे की, यापुढे ज्या मुलास वा मुलीस आपण शिबिरास पाठवू, त्याच्यासाठी परतल्यावर काय काम, कोणती जागा व कोणता अधिकार राखून ठेविला आहे, हे पाठविण्यापूर्वीच ठरवावे. हॉलच्या किल्लीच्या दोन प्रती आम्ही करविल्या आहेत. त्यांतील एक तरुणांकडे राहील. आमच्यामागून येणाऱ्या धर्मगुरूंनी ती परत मागू नये, एवढ्यासाठीच ही गोष्ट येथे छापून ठेवीत आहोत.