हौशी नेमबाजी : शस्त्र, सुरक्षितता आणि तंत्र

छंद किंवा खेळ म्हणून रायफल वा पिस्तुलाने लक्ष्यावर नेम साधणे, असा या विषयाचा विस्तार. भारतात बहुतेक हौशी नेमबाज १० मीटर अंतरावरच्या एअर रायफलीने किंवा एअर पिस्तुलाने सुरुवात करतात. त्यांतले थोडे पुढे .२२ बोअरच्या रायफलीकडे व पिस्तुलाकडे वळतात. देशातल्या खेळाचा कारभार भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेकडे आहे. ती १९५१ मध्ये स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष, आणि त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही नवख्यांना राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी पायरी आहे. महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. नेमबाजीची पुस्तके सुरक्षिततेचे नियम सुरुवातीच्या एका प्रकरणात उरकतात आणि मग तंत्राकडे वळतात. ही विभागणी चुकीची आहे. नेम अचूक करणाऱ्या सवयी आणि अपघात टाळणाऱ्या सवयी मुळात एकच आहेत, आणि एकीत कच्चा असलेला नेमबाज दुसरीतही कच्चाच राहतो.

कायद्याची बाजू आधी पाहू, कारण शस्त्र हातात येण्यापूर्वी तिचीच गाठ पडते. भारतात बंदूक बाळगणे हा नागरिकाचा उपजत हक्क मानलेला नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांच्या चौकटीत, चौकशीनंतर मिळणारी ती परवानगी आहे. परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या ३ वरून २ वर आणली आणि परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे केली. मान्यताप्राप्त रायफल क्लबांच्या सदस्यांना लक्ष्यसरावासाठी वेगळी सवलत आहे. कमी ताकदीच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलीला परवाना लागत नाही, आणि त्यामुळेच शाळकरी मुलामुलींना या खेळात येता येते. परवान्याची चौकशी माणसाचा पूर्वेतिहास पाहते. त्याचे बोट ट्रिगरवर कधी जाते, हे तिला दिसत नाही. २०१६ च्या नियमांनी अर्जदाराला सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट घातली ती योग्यच होती. मात्र काही तासांचे प्रशिक्षण माहिती देते, सवय लावत नाही. सवय रेंजवर लागते, आणि तीही वर्षानुवर्षांच्या सरावाने.

सुरक्षिततेचे चार नियम जगभर सांगितले जातात. अमेरिकी मरीन अधिकारी जेफ कूपर यांनी ते रूढ केले. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असेच समजा. जे नष्ट करायचे नाही त्यावर नळी रोखू नका. साइट लक्ष्यावर येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवा. लक्ष्य कोणते आणि त्याच्या मागे काय आहे हे जाणून घ्या. या चार नियमांची रचना विचारपूर्वक केलेली आहे. गंभीर इजा व्हायला सहसा एकाहून अधिक नियम एकाच वेळी मोडावे लागतात. बोट चुकले तरी नळी सुरक्षित दिशेला असेल, तर नुकसान भिंतीपुरते राहते. रेंजची शिस्त याच नियमांना प्रत्यक्ष रूप देते. शस्त्र पेटीतून निघते तेव्हा नळी लक्ष्याकडे असते, चेंबर उघडे असते आणि नळीत भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग असतो. सेफ्टी फ्लॅग काढणे, छर्रा भरणे आणि थांबणे हे सारे रेंज अधिकाऱ्याच्या आज्ञेनुसार होते. ‘स्टॉप’ ऐकू आल्यावर अर्धवट धरलेला नेमही सोडावा लागतो. लक्ष्याजवळ कोणी गेले असेल, तर शस्त्राला कोणीही हात लावत नाही.

आता तंत्र. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ अवघे अर्धा मिलिमीटर व्यासाचे असते. छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि त्याची कड वर्तुळाला लागली तरी गुण मिळतात, म्हणून केंद्रापासून सुमारे अडीच मिलिमीटरच्या आत लागलेल्या छर्ऱ्याला दहा मिळतात. रायफलीच्या दोन साइटमध्ये साधारण ८० सेंटिमीटर अंतर धरले, तर पुढची साइट मागच्या साइटच्या केंद्रापासून ०.२ मिलिमीटर सरकली की १० मीटरवर छर्रा तेवढाच, म्हणजे अडीच मिलिमीटर, भरकटतो. पिस्तुलात हे आणखी स्पष्ट होते. साइटमधले अंतर ३५ सेंटिमीटरच्या आसपास असते. दोन्ही साइट एका रेषेत असताना सबंध हात ५ मिलिमीटर हलला, तर छर्राही ५ मिलिमीटरच हलतो आणि पिस्तुलाच्या ११.५ मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळाला लागतो. पण साइटची रेषा आपापसात अर्धा मिलिमीटर बिघडली, तर छर्रा सुमारे १४ मिलिमीटर दूर जातो आणि नऊवर येतो. म्हणून अनुभवी नेमबाज हाताच्या नैसर्गिक थरथरीशी झगडत बसत नाही. तो साइटकडे पाहतो, लक्ष्य किंचित धूसर होऊ देतो आणि ट्रिगर साइट न हलवता दाबतो.

ट्रिगर हे या खेळाचे मर्मस्थान. नेम बसल्यासारखा वाटताच घाईने ट्रिगर हिसकला की साइट नेमकी त्याच क्षणी ढळते. छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातो, म्हणजे लक्ष्यापर्यंत पोहोचायला त्याला ०.०६ सेकंद लागतात, आणि त्याआधीचे काही सहस्रांश सेकंद तो नळीतच असतो. त्या अवधीतली प्रत्येक हालचाल गुण खाते. म्हणूनच छर्रा सुटल्यावरही नेम धरून राहण्याचा, म्हणजे फॉलो-थ्रूचा, आग्रह असतो. उभे राहण्याची पद्धतही याच हिशेबाने ठरते. रायफल खांद्याला लावून डोळे मिटावेत, सैल व्हावे, मग उघडून पाहावे. साइट बाजूला गेलेली दिसली तर हाताने ओढून आणायची नाही, पाय हलवून सारे शरीर वळवायचे. श्वास अर्ध्यावर थांबला की आठ-दहा सेकंदांत शॉट सुटायला हवा. तसे झाले नाही, तर रायफल खाली उतरवून श्वास घ्यायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. सुरक्षितता आणि अचूकता यांचा संबंध इथे सर्वांत ठळक होतो. नवख्याला रायफल उतरवणे हे अपयश वाटते. त्याला वाटते, नेम धरला आहे तर शॉट सुटायलाच हवा. ट्रिगरवर गेलेले बोट मागे घेता येणे, सुरू केलेली क्रिया अर्ध्यावर सोडता येणे ही क्षमता दहा गुण मिळवून देते, आणि तीच लक्ष्याच्या मागे माणूस दिसताच शॉट न सोडण्याची क्षमता आहे. नळी कुठे रोखली आहे याचे भान, बोटावरचा ताबा, आज्ञा पाळणे आणि थांबणे या चारही गोष्टी गुणपत्रिकेवर दिसतात.

यावर पहिला आक्षेप असा, की खेळाडू ड्राय प्रॅक्टिस करतात, म्हणजे छर्रा न भरता शेकडो वेळा ट्रिगर दाबतात. मग ‘प्रत्येक शस्त्र भरलेले समजा’ हा नियम कुठे राहिला? आक्षेप रास्त आहे, कारण रिकामे समजून चालवलेल्या शस्त्रांनी लोक खरोखर दगावले आहेत. उत्तर ड्राय प्रॅक्टिसच्या रीतीत आहे. चेंबर पाहून आणि बोटाने चाचपून खात्री करायची, काडतुसे व छर्रे दुसऱ्या खोलीत ठेवायचे, नळी भरभक्कम भिंतीकडे ठेवायची आणि सराव संपल्यावर पुन्हा तपासायचे. नियम मोडायचा नाही, त्याभोवती आणखी कुंपण घालायचे. दुसरा आक्षेप वेगाच्या प्रकारांबद्दल आहे. २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात पाच शॉट्स कधी ८, कधी ६, कधी ४ सेकंदांत सोडावे लागतात. अशा घाईत सावधपणा कसला? पण तिथेही हात ४५ अंशांवर खाली रोखलेला असतो, वर येण्याचा मार्ग ठरलेला असतो आणि बोट कधी ट्रिगरवर जायचे हेही ठरलेले असते. वेग सरावातून येतो, आणि सराव हळू गतीतच सुरू होतो.

तिसरा आक्षेप गंभीर आहे : रेंजवर वाढवलेले कौशल्य शस्त्राचे आकर्षण वाढवते. लग्नाच्या वरातींत हवेत झाडल्या जाणाऱ्या गोळ्यांचे उदाहरण त्यासाठी देतात. वर झाडलेली गोळी कुठे तरी खाली येतेच, आणि जीव घ्यायला तिला पुरेसा वेग उरतो. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गोळीबाराला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. परंतु हा प्रकार लक्ष्यावाचून, मागच्या बाजूचा विचार न करता आणि समारंभाच्या उन्मादात होतो. रेंज जे शिकवते त्याच्या हा नेमका उलट आहे. आकर्षण वाढते हे खरे मानले, तरी ते आकर्षण लक्ष्य, आज्ञा आणि थांबणे यांत बांधून ठेवणारी दुसरी जागा समाजाकडे नाही.

घरी मात्र ही सारी शिस्त एका माणसाच्या हाती येते, आणि इथेच हौशी लोक सर्वाधिक ढिले पडतात. एअर रायफल परवान्याविना मिळते, म्हणून तिला खेळणे मानले जाते. पण १० मीटरवरून आलेला छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. .२२ ची गोळी मोकळ्या रानात किलोमीटरभराहून अधिक जाऊ शकते. म्हणून गच्चीवरचा सराव किंवा पत्र्याच्या डब्यावरचा नेम भरवस्तीत नकोच. शस्त्र कुलूपबंद, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि किल्ल्या मुलांच्या हाताबाहेर हव्यात. सराव संपल्यावर खाण्यापिण्याआधी साबणाने हात धुवावेत, कारण छर्रे शिशाचे असतात. बंद खोलीतल्या रेंजमध्ये हवा खेळती लागते. .२२ आणि त्याहून मोठ्या शस्त्रांसोबत कानांना संरक्षण हवे. एअर रायफलीच्या दाबयुक्त हवेच्या नळकांड्यात सुमारे २०० बार दाब असतो. त्यावर कोरलेली तारीख १० वर्षांची मुदत सांगते, आणि ती उलटलेले नळकांडे भरायचे नाही, ते बदलायचे.