कुंभाराचं गाढव आणि जावाचं वचन

मागच्या व्याख्यानात आपण न्यायशास्त्रातली कारणाची व्याख्या पाहिली. घट होतो तो माती, चाक, दंड, कुंभार यांच्यामुळे. माती वाहणारं गाढवही तिथं असतं, पण त्याला कारण म्हणत नाहीत, ते अन्यथासिद्ध. आज हेच गाढव आपल्याला संगणकाच्या इतिहासात भेटणार आहे.

१९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सनं जावा भाषा आणली. वचन असं, की प्रोग्राम एकदा लिहा, कुठल्याही यंत्रावर चालवा. त्यासाठी मधलं आभासी यंत्र हवं, आणि सगळीकडे सारखाच असणारा क्लासेसचा संग्रहही हवा. या दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष कमी जातं, बरं का.

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जावाचा परवाना घेतला, आणि १९९७ च्या ऑक्टोबरात सननं तिच्यावर खटला भरला. १९९८ च्या व्हिज्युअल जे प्लस प्लसमध्ये तर विंडोज फाउंडेशन क्लासेसच आले. हाताला सोयीचे, पण विंडोजबाहेर निरुपयोगी. २००१ च्या जानेवारीत तडजोड झाली; मायक्रोसॉफ्टनं दोन कोटी डॉलर दिले.

ही गोष्ट सगळे सांगतात. आम्हाला पुढची जास्त रंजक वाटते. खुद्द सनच्या घरातही ‘सन’ नावानं सुरू होणारे, आतल्या वापराचे क्लासेस होते. वापरू नका, दुसऱ्याच्या जावावर ते मिळतीलच असं नाही, हे सन स्वतः सांगत होती. पण बेस६४ रूपांतराची सरळ सोय प्रमाणित संग्रहात बरीच वर्षं नव्हती. मग लोक ‘सन डॉट मिस्क’मधला एन्कोडर उचलत. माणूस अडला की काय करणार! २०१४ मध्ये जावा ८ नं प्रमाणित बेस६४ क्लास दिला, आणि २०१७ च्या जावा ९ मधून जुना गेलाच.

आता बदलायचं म्हणजे काय, वरच्या दोन ओळी बदलायच्या, असं वाटतं. तसं नाही. जुना एन्कोडर दर ७६ अक्षरांनंतर ओळ तोडायचा. नव्याचा साधा प्रकार तोडत नाही. माइम नावाचा तोडतो. मजकूर उलगडून वाचणाऱ्याला ती ओळतोड बहुधा गाढवासारखी, असली काय, नसली काय. पण ज्याच्याकडे जुनी साठवलेली अक्षरं नव्यांशी जशीच्या तशी ताडून पाहिली जातात, त्याच्या घटात ती दंडच निघते. ते कळायला आधी त्याचा सगळा जुना प्रोग्राम वाचावा लागतो.