शिंदे, सदाशिव गणपतराव (सदू शिंदे)

(१८ ऑगस्ट १९२३ – २२ जून १९५५). भारताचे लेगस्पिन व गुगली गोलंदाज. जन्म मुंबईत. महाराष्ट्र, मुंबई आणि बडोदा या संघांकडून ते खेळले. दुसऱ्या महायुद्धात कसोटी सामने थांबले, इंग्लंडमधील कौंटी स्पर्धाही बंद पडली. रणजी करंडक मात्र खंड न पडता चालू राहिला. शिंदे याच काळात घडले. १९४०-४१ मध्ये ते महाराष्ट्राकडून खेळू लागले, तेव्हा प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने लागोपाठ दुसऱ्यांदा करंडक जिंकला.

नवा चेंडू जुना झाला, की एक टोक धरायचे आणि मार बसला तरी चेंडूला उंची देत राहायचे, हे त्यांचे काम. फलंदाजांना धार्जिण्या खेळपट्ट्यांवर ते किती जिकिरीचे होते, हे १९४३-४४ च्या मुंबईविरुद्धच्या सामन्यात दिसते. विजय मर्चंट यांच्या नाबाद ३५९ धावांच्या बळावर मुंबईने ७३५ धावा केल्या. त्यात शिंदे यांनी ७५.५ षटकांत १८६ धावा देऊन ५ गडी बाद केले. धावांचा असा पाऊस पडत असताना त्यांनी षटकामागे अडीचही धावा दिल्या नाहीत, ही गोष्ट पाच बळींइतकीच मोलाची आहे.

युद्ध संपल्यावर १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सवर त्यांनी कसोटी पदार्पण केले आणि रुसी मोदींबरोबर शेवटच्या गड्यासाठी ४३ धावा जोडल्या. नोव्हेंबर १९५१ मधील दिल्ली कसोटी हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस. पहिल्या डावात ९१ धावांत ६ बळी घेऊन त्यांनी इंग्लंडला २०३ धावांत गुंडाळले. दुसऱ्या डावात त्यांना आणखी दोन बळी मिळाले, पण त्यांच्या गोलंदाजीवर झेल सुटले, ॲलन वॉटकिन्स नाबाद १३७ धावा करून खिंड लढवत राहिले आणि हातातोंडाशी आलेला विजय निसटला.

१९५२ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत. ७ कसोटींत १२ बळी आणि ५९.७५ ची सरासरी एवढ्यावरून त्यांना जोखणे अन्यायाचे ठरेल. प्रथमश्रेणी क्रिकेटमधील २३० बळी त्यांची खरी योग्यता सांगतात. विषमज्वराने वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष शरद पवार यांच्या पत्नी प्रतिभा या त्यांच्या कन्या.